सातसमुद्र बँडची मथुरा

मथुरा, तुला जाऊन तेरा दिवस झाले. रडून झालं, जेवणावळी झाल्या, पाहुणे आपापल्या गावाला गेले. घर आता रिकामं आहे आणि मला तुझ्याशी भांडायचं आहे. पन्नास वर्षांचं भांडण असं अर्धवट टाकून जायला नको होतंस.

चंद्रापासून सुरू करते. माझा चंद्र तू एकाही गाण्यात ठेवला नाहीस. मी वहीत लिहून द्यायचे, ‘चंद्र आला माळ्यावर’, आणि तू हातगाडीवर उभी राहून भोंग्यातून म्हणायचीस, ‘कंदील टांगला माल्याव’. गाणं संपल्यावर मी विचारायचे, का गं बदललंस? “वयनी, चंद्राकरं कोन बघतंय? कंदिलान राकेल हाय का न्हाय, ते बघतान लोकं.” मी कल्याणहून आलेली, सातवी शिकलेली. तू दुसरीतून शाळा सोडलेली. तरी शब्द तुझेच राहिले. आमच्या शेलार गावच्या बायका अजून कंदीलच म्हणतात. तेव्हा मला याचा राग यायचा. आता येत नाही. पण हे तुला सांगायचं राहूनच गेलं.

मी तुझ्या घरात सून म्हणून आले तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस, मी एकोणीस. पहिल्याच आठवड्यात तू मला भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या कारखान्यात घेऊन गेलीस, कांड्या भरायला. धोट्यात बसते ती सुताची कांडी; चाळीस लूम, म्हणजे यंत्रमाग, दिवसभर कांड्या खायचे आणि आपण त्या भरून द्यायचो. त्या आवाजात कुणाला काही ऐकू यायचं नाही. सगळे हातांनी खुणा करून बोलायचे. तू एकटी तोंडानं बोलायचीस. या भिंतीला बसून त्या भिंतीजवळच्या जॉबरला, लुमांच्या मुकादमाला, सांगायचीस, “सात नंबर बंद पडलाय,” आणि त्याला ते ऐकू जायचं. तू ओरडायचीसही नाहीस. आवाज कुठून तरी वाट काढत जायचा, लुमांच्या मधून.

तो आवाज समोरच्या गल्लीतल्या माळ्यावर सलीमभाईंच्या कानावर गेला. सलीमभाई बारा वर्षं बोटीवर खलाशी होते. वडील अंथरुणाला खिळले म्हणून परत आले आणि येताना एक ट्रंपेट, एक तबकड्यांचा बाजा आणि लंडनच्या बंदरातून घेतलेल्या दहा-बारा तबकड्या घेऊन आले. ते कारखान्याच्या दारात येऊन उभे राहिले आणि जॉबरला म्हणाले, “ये आवाज़ किसकी है?” जॉबरनं तुझ्याकडे बोट केलं. तुझ्या केसांवर कापूस बसलेला, हातात कांडी. तू म्हणालीस, “मी कं केलंय?”

त्यांच्याकडे बँड होता, गाणारं कुणी नव्हतं. बँड म्हणजे तरी काय, दोन मोडक्या बँडांतून उरलेली सहा माणसं. सत्तर साली भिवंडीत जी दंगल झाली त्यानंतर लोक वाजंत्रीही आपापल्या गल्लीतलेच बोलवायला लागले होते. यशवंत ढोलवाला हिंदू आळीतल्या बँडचा, बँजोवाला आणि ट्रंपेट वाजवणारे सलीमभाई मुसलमान मोहल्ल्यातले. एकत्र वाजवतो म्हणून त्यांना दोन्हीकडून बोलावणं येईना. सलीमभाईंनी नाव मोठं ठेवलं होतं, सातसमुद्र बँड, आणि काम काहीच नव्हतं.

त्या पहिल्या शुक्रवारी, कारखाना बंद होता आणि नमाज उरकून सलीमभाई आलेले, आपण दोघी तो जिना चढलो. तुला तिथं काय आहे ते बघायचं होतं आणि मला तुला एकटीला जाऊ द्यायचं नव्हतं. त्यांनी तबकडी लावली. जमैका नावाच्या बेटावरच्या लोकांचं गाणं होतं. ट्रंपेटा हसत होत्या आणि ठेका मात्र चुकल्यासारखा, पाऊल टाकायला जावं तर तिथं जमीनच नाही. “इसको स्का बोलते हैं,” सलीमभाई म्हणाले. “इसमें टाप ज़मीन पे नहीं पड़ती, हवा में पड़ती है.” यशवंत चार महिने ते वाजवायला बघत होता आणि दर वेळी त्याचा हात सवयीनं जमिनीवरच यायचा.

तू दोनदा ऐकलंस. मग त्याच्यासमोर फतकल मारून बसलीस आणि म्हणालीस, “ह्ये त भात कांडतान तसं हाय. दोघी जनी एका उखलान. पयलीचं मुसल परतं, आनि ती उचलतं तवा दुसरीचं परतं. तू पयलीचं वाजवतंस. दुसरीचं वाजव.” यशवंतनं डोळे मिटले. हात थांबला, आणि नेमका त्या मधल्या जागी पडला. बँजोवाल्यानं त्याच जागी तार छेडली. सलीमभाईंनी ट्रंपेट तोंडाला लावायच्या ऐवजी खाली ठेवली. बोटीवरून परतल्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना ते तबकडीच्या बाहेर ऐकू येत होतं.

घरी मात्र वादळ झालं. तुझा दादूस, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, “बँडान? पोरगी? आनि त्या गल्लीन?” जेवणाचं ताट सरकवून तो उठला. बोलल्या त्या सासूबाई. तुझी आई पंचक्रोशीची धवलारीन होती, लग्नात मांडवात बसून एकेका विधीचं गाणं म्हणणारी. तिच्या तोंडून धवला निघाल्याशिवाय नवरीला हळद लागायची नाही. सगळ्यांना वाटलं ती आता तुला जन्माची बंदी घालणार. ती म्हणाली, “कांड्या भरायला त्याच गल्लीन जाते ना? मंग गानं गावाला कं न्हाय?” मग तिनं दोन अटी घातल्या. एक, वयनी संगं जाईल. दोन, धवला तिथं गायचा न्हाय, धवल्याला बाजा लागत न्हाय.

अशी मी तुझ्यावर नजर ठेवायला बँडात आले. महिनाभरात गाणी लिहायला लागले. तुला माहीत आहे, माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली नोकरी तीच होती, आणि ती मला तुझ्या आईनं तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून दिली.

पहिली वरात आपल्याच गावात. मला अजून घाम फुटतो आठवून. तू हिरवं लुगडं नेसलेली, हातगाडीवर भोंग्याखाली उभी. ‘कांडी भरली, धोटा पलाला’ सुरू झालं आणि नाचणारे एकमेकांवर आदळायला लागले. जन्मभर ठेक्यावर पाय टाकणारी माणसं, त्यांना ठेका सापडेना. नवऱ्याचा मामा गाडीपाशी आला. “बंद करा. तुमचा ताल चुकतंय.”

“चुकत न्हाय, मामा,” तू भोंग्यातूनच म्हणालीस, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. “तुमीच लवकर पाय टाकताव.”

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तू गाडीवरून खाली उतरली होतीस. बाजूला उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्यांचे हात धरून तू त्यांना रस्त्याच्या मधोमध आणलंस आणि समोरासमोर उभं केलंस. “आज्ये, हातान मुसल हाय असं समज. भात कांडाचा हाय.” म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे बघितलं. एकीनं हात खाली आणले, दुसरीनं तिच्या मागून. यशवंतनं त्यांच्या हातांवर ढोल धरला. चार फेऱ्यांत त्यांचे पाय हलायला लागले, मग त्यांच्या सुनांचे, मग साऱ्या बायकांचे. पुरुषांना यायला अर्धा तास लागला. सगळ्यांत शेवटी तो मामा आला आणि सगळ्यांत जास्त नाचला. वरात देवळापाशी पोचायला दोन तास उशीर झाला आणि कुणी तक्रार केली नाही.

त्यानंतरच्या हंगामात आपल्याला श्वास घ्यायला वेळ नव्हता. कल्याण, पनवेल, उरण, थेट अलिबागपर्यंत. आपल्या आगऱ्यांच्या लग्नात आणि निजामपुऱ्यातल्या निकाहाच्या मिरवणुकीत तीच गाणी, तोच उलटा ठेका. ज्या दोन आळ्या एकमेकींच्या वाजंत्रीला उभं करत नव्हत्या, त्या आता तारखेवरून सलीमभाईंशी भांडायच्या. पनवेलला एक बाई तुझ्या पाया पडली तेव्हा तू एवढी घाबरलीस, की तूही तिच्या पाया पडलीस. दोघी एकदमच वाकलात आणि डोकी आपटली.

आता माझं ऐक. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

ठाण्याच्या एका लग्नात मुंबईच्या तबकडी कंपनीचा माणूस आला होता. त्यानं तुला बाजूला घेऊन सांगितलं, तबकडी काढू. पण बँड नको, आमचे वादक असतील. आणि गाणी आईची हवीत, धवले. तू उभ्या उभ्याच नाही म्हणालीस. “बँड सोरून मी कोन? आनि धवलं आयचं हाय.” तो पत्त्याचं कार्ड माझ्या हातात देऊन गेला.

घरी येताना मी तुला किती बोलले. नशीब दारात आलं आणि तू हाकललंस म्हणाले. भित्री म्हणाले. तू नुसती चालत राहिलीस. आणि दुसऱ्या दिवशी, मथुरा, मी त्या माणसाला पत्र लिहिलं. तुझ्या नावानं. विचार बदलला आहे, घरी या, असं लिहिलं आणि खाली तुझी सही केली.

तो आला. तू कामावर होतीस. त्यानं माझं पत्र ओट्यावर ठेवलं, लिहायला कागद काढला आणि सासूबाईंना म्हणाला, माई, एखादा धवला म्हणून दाखवा, उतरवून घेतो. त्यांनी त्याला चहा पाजला आणि एक शब्द न बोलता वाटेला लावलं. तू आलीस तेव्हा ते पत्र ओट्यावर पडलं होतं. तुला वाचता येत नव्हतं, मलाच वाचायला लावलंस. मी वाचलं. माझंच अक्षर, मीच वाचलं, आणि कुणी लिहिलं विचारलंस तेव्हा मी गप्प बसले. तुला वाटलं, सलीमभाईंचं काम. तू तशीच तरातरा निजामपुऱ्यात गेलीस, मी तुझ्या मागोमाग, आणि पत्र त्यांच्यापुढे टाकलंस.

सलीमभाईंनी पत्र पाहिलं. माझ्या वहीतली अक्षरं ते तीन वर्षं बघत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तुला म्हणाले, “हां. मैंने लिखवाया. ग़लती हो गई.”

तू तीन महिने त्या जिन्याची पायरी चढली नाहीस. ऐन हंगामात बँड गाणारीशिवाय वाजत राहिला. लोक विचारायचे, सलीमभाई म्हणायचे तिची तब्येत बरी नाही. आणि मी तुझ्या शेजारी बसून कांड्या भरत होते. रोज वाटायचं आज सांगू. रोज संध्याकाळ व्हायची.

मला सासूबाईंनी पकडलं. भाकरी थापता थापता मान वर न करता विचारलं, “पत्र तू लिवलंस ना?” मी हो म्हणाले. मला वाटलं आता ही तुला हाक मारणार. त्यांनी भाकरी उलटली. “शुक्रवारी मना त्या माल्याव ने. तिलापन घेऊ.”

तुझी आई त्या बँडकडे कधी फिरकली नव्हती. जिना चढताना दोनदा थांबली. वर जाऊन भिंतीला टेकून बसली. तू दारातच उभी राहिलीस, आत यायला तयार नाहीस. सलीमभाई तुझ्याकडे बघून म्हणाले, “मुझे माफ़ कर दे, बेटी,” आणि मी फरशीकडे बघत राहिले. जो माणूस काहीच चुकला नव्हता तो माझ्यादेखत माफी मागत होता. त्यांना जाऊनही वीस वर्षं झाली. त्यांचं ऋण मी तोंडानं कधी मानलं नाही.

सासूबाईंनी बाज्याकडे बोट केलं. “त्यातलं लाव.” तबकडी फिरली. तीत एक बाई गात होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“ही कोन?”

“जमैका की है, माई.”

“हिची आयपन गानारी असंल,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि हळदीचा धवला म्हणायला लागल्या. माळ्यावर, बंद कारखान्यासमोर, सहा पुरुषांपुढे. दोन कडवी झाल्यावर त्यांनी यशवंतकडे बघितलं आणि मांडीवर हात मारून दाखवला, बरोबर त्या मधल्या जागी. “हितं मार. बसलास कं?”

तू दारातून म्हणालीस, “आय, धवल्याला बाजा लागत न्हाय. तूच बोललीस.”

“बोलले. मी मेल्याव कोनाला देऊ ही गानी? त्या तबकडीवाल्याला? तुना द्याची त तुज्याकरं बाजा हाय. मंग बाजासकट घे.”

तू आत आलीस.

पंधरा दिवसांनी दापोड्याला लग्न होतं. आज तिथं सगळी गोदामं झाली, तेव्हा भाताची खाचरं होती आणि मांडव खळ्यात घातला होता. तुझी आई नेहमीसारखी मांडवात नवरीशेजारी बसली. बँड मांडवाच्या तोंडाशी, तू पुढं. सलीमभाईंनी ट्रंपेटच्या तोंडात गमछा कोंबला होता, आवाज आईच्या वर जाऊ नये म्हणून. सकाळचं ऊन, हळदीची वाटी फिरत होती. आईनं पहिली ओळ म्हटली, नुसती, बाज्याशिवाय, जशी तिची आई म्हणत आली होती. मग थांबली आणि तुझ्याकडे बघितलं.

तीच ओळ तू परत म्हटलीस, आणि खालून ठेका आला, हवेत पडणारा.

मला पुढचं सगळं नीट सांगता येत नाही, कारण मी रडत होते. एवढं आठवतं की आई एक ओळ द्यायची आणि तू उचलायचीस, आणि प्रत्येक वेळी तू ती थोडी पुढं न्यायचीस. नवरीचे पाय पाटावर हलत होते. एक म्हातारी म्हणाली, हे पाप आहे, आणि दुसऱ्या कडव्याला तीच उठली. तिसऱ्या कडव्याला आईनं ओळ दिलीच नाही. ती गप्प बसली आणि तुला एकटीला गाऊ दिलं, शेवटपर्यंत, आणि हळद तुझ्या गाण्यावर लागली. सलीमभाईंनी कधी गमछा काढून फेकला कुणी बघितलं नाही, पण शेवटची ट्रंपेट खाचरांच्या पार गेली असेल.

त्या दिवसापासून तू धवलारीनही झालीस आणि बँडवालीही. एका अंगणात दोन्ही. यशवंतशी लग्न केलंस तेव्हा स्वतःच्या हळदीला पाटावर बसून गायलीस. महेश पोटात होता तेव्हा आठव्या महिन्यापर्यंत गाडीवर खुर्ची टाकून गायलीस आणि बाळ ठेक्यात लाथा मारतंय म्हणून भोंग्यातून सांगितलंस. दहा वर्षं सातसमुद्र बँड वाजला. मग सलीमभाई पुन्हा बोटीवर गेले, बँजोवाला आखाताला, आणि तो आपोआप थांबला. तू थांबली नाहीस. ढोलावर यशवंत आणि तू, तेवढंच पुरेसं होतं. अर्ध्या तालुक्यातल्या पोरींना तू ती गाणी बाज्यासकट दिलीस, जशी तुला मिळाली.

तबकडी निघाली नाही. तुझा आवाज कशातच नाही, हे मला खुपतं. इथं आपलं भांडण आहे आणि मी अजून हरलेले नाही. पण पत्राबद्दल आता तुला कळलंच आहे, म्हणून हेही ऐक. सलीमभाईंच्या पायाशी मी माफी मागते. तुझी मागणार नाही. मी ते लिहिलं नसतं तर तुझी आई तो जिना कधी चढली नसती. याचं उत्तर तुझ्याकडे असतं, मला माहीत आहे, आणि ते एका ओळीचं असतं. ते ऐकायला मी आज काय वाटेल ते दिलं असतं.

गेल्या महिन्यात तुला दवाखान्यात दाखल केलं तेव्हा सिस्टर फॉर्म भरत होती. तू डोळे मिटून पडलेली, नाकात नळी. नाव, वय, गाव झालं. “व्यवसाय?” तिनं विचारलं. महेश म्हणाला, “गृहिणी.” ती लिहायला लागली.

“न्हाय,” तू डोळे न उघडता म्हणालीस. “बँडवाली लिव.”

सिस्टर हसली. “कुठल्या बँडच्या, आजी?”

तू नाव सांगितलंस. मग जरा दम घेऊन म्हणालीस, “आनि गानारी. वाजवनारी न्हाय. नीट लिव.”

तिनं आधीचं खोडलं आणि लिहिलं: गायिका, सातसमुद्र बँड. महेशनं खाली सही केली.